चीफ, मावशी आणि माळ्यावरची लोकर

चीफनी मला खोली भाड्याने दिली तेव्हा चावीबरोबर एक शिट्टी दिली. नारिंगी, प्लास्टिकची, दोरीला बांधलेली. "आग लागली किंवा पाणी शिरलं तर वाजवायची," ते म्हणाले. "इतर कारणासाठी नाही." इतर कोणतं कारण असणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुझ्या आधीच्या भाडेकरूने पाल दिसली म्हणून वाजवली होती. त्याला दुसरी जागा बघायला सांगितलं."

बुकित पंजांगला एलआरटीच्या छोट्या लोकलमधून उतरून दहाएक मिनिटं चाललं की जुन्या बैठ्या घरांची एक रांग लागते. भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरं, वर कौलं, पुढे गाडी ठेवायला पडवी. त्यातलं शेवटून दुसरं घर चीफचं. चाळीस वर्षं त्यांनी बोटीवर काढली, त्यातली निम्मी चीफ इंजिनियर म्हणून, आणि बहुतेक सगळी सिंगापूर बंदराला धरून. त्यांना नाव होतं, दारावर पाटीही होती. पण शेजारी, पोस्टमन, गणपतीत भेटणारे मंडळातले लोक, सगळे त्यांना चीफच म्हणत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या मावशीसुद्धा, पाठीमागे "चीफ आले का गं?" असं विचारत. समोर अर्थातच "अहो".

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. नळ घट्ट बंद करतेस का? ओल्या पायांनी घरभर फिरतेस का? गॅसचा कॉक कुठल्या बाजूला फिरवल्यावर बंद होतो? तिन्ही उत्तरं मला आली. आडनाव, गाव, "तुमच्यात काय काय खातात", यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. नागपूर सोडल्यापासून मुंबईत, पुण्यात आणि इथे सिंगापुरातही खोल्या शोधताना हे प्रश्न मला कधी चुकले नव्हते. म्हणून मग मीच आपणहून सांगून टाकलं, की माझ्या टेबलावर बुद्धाची मूर्ती असेल. चीफनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "खाली रबर लाव. घसरायला नको." मी त्याच संध्याकाळी सामान घेऊन आले.

घरात प्रत्येकाला हुद्दा होता. मावशी कॅप्टन. "निर्णय तिचे, मी फक्त इंजिनरूम बघतो," असं ते सांगत, आणि मावशी सांगत की गेल्या दोन वर्षांत त्यांनी एकही निर्णय आपल्याला घेऊ दिलेला नाही. मी फिफ्थ. बोटीवरच्या इंजिनियरांत सगळ्यात धाकटा तो फिफ्थ इंजिनियर. त्याने तेल पुसायचं, चहा आणायचा आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. खरं तर मी पाया लेबारच्या एका ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनियर होते. कुठली तुळई किती वजन पेलेल, कुठला स्लॅब किती वाकेल, हीच गणितं मी दिवसभर करत असे. चीफच्या लेखी ती इंजिनियरिंगमध्ये मोडत नव्हती.

"तुझी बिल्डिंग कधी भर समुद्रात बंद पडलीय?"

"बिल्डिंग समुद्रात जात नाही, चीफ."

"तेच म्हणतोय मी," असं म्हणून ते निघून जात.

सकाळी सहाला त्यांचा राउंड असे. खाकी हाफपँट, हातात टॉर्च, खिशात लांब स्क्रूड्रायव्हर. फ्रिजच्या पाठीवर तळहात ठेवायचा, पाण्याच्या पंपावर ठेवायचा, वॉशिंग मशीनवर ठेवायचा. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याच्या मोटरला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. एकदा त्यांनी हॉलच्या पंख्याबद्दल जाहीर केलं की याचं बेअरिंग आठ दिवसांत जाणार. पंखा नवव्या दिवशी बंद पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या, पण चीफ दिवसभर घुम्यासारखे बसून होते. एक दिवस चुकला होता.

त्यांचा आवडता प्रश्न एकच. "ट्रायल घेतली का?" कुकरची नवी रिंग आणली, ट्रायल घेतली का? मी छत्री आणली, ट्रायल घेतली का? मग पडवीत उभं राहून छत्रीवर झारीने पाणी ओतायचं. माझं लग्न ठरलं तेव्हा मी मोठ्या लाजत त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि सवयीने विचारलं, "ट्रायल घेतली का?" स्वयंपाकघरातून मावशी इतक्या जोरात "अहो!" म्हणून ओरडल्या की शेजारचे चिनी अंकल डोकावून गेले.

मावशींबद्दल सांगायला हवं. त्या बोलायच्या कमी, पण बोलल्या की नेम चुकत नसे. संधिवाताने त्यांचे गुडघे आणि हाताची बोटं धरली होती. एसीचा वारा लागला की बोटं इतकी आखडत की चहाचा कप उचलता येत नसे, म्हणून त्यांच्या खोलीत एसी नव्हता. आणि ती खोली होती पश्चिमेला. दुपारी तीनला तिथे पाऊल टाकलं की भाकरीच्या तव्याजवळ तोंड नेल्यासारखं वाटे. पंखा होता, पण तो गरम हवाच गरगरा फिरवत असे.

"चाळीस वर्षं हे पत्रातून भेटायचे," त्या मला एकदा भाजी निवडताना म्हणाल्या. "पत्रातले फार गोड होते गं. प्रत्यक्षातले दिवसभर ऐकू येतात."

पण त्या हे म्हणत असताना पडवीतून चीफच्या खोकल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी हातातली भाजी ठेवून दोन मिनिटं कान दिला. खोकला थांबल्यावर पुन्हा निवडायला घेतली.

त्या वर्षी उकाडा जरा जास्तच होता. एप्रिलात एक दिवस मावशींनी मला जवळ बोलावलं आणि आपल्या फोनवरून पुण्याचं तिकीट काढून द्यायला सांगितलं. जूनच्या पहिल्या आठवड्याचं, फक्त जायचं. पुण्याला त्यांची धाकटी बहीण होती. "तिथेही तापतं," त्या म्हणाल्या, "पण संध्याकाळी निवतं तरी. इथे निवतच नाही. आता मला सोसत नाही गं." परतीचं कधीचं काढू, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बघू पुढे." मला ते "बघू" आवडलं नाही. मी तिकीट काढलं.

त्यांनी चीफना जेवताना सांगितलं. चीफनी ताटातला भात संपवला, ताट धुऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरात सात थर्मामीटर आले. दोन मावशींच्या खोलीत, एक माझ्या, एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक पडवीत आणि एक वर माळ्यावर. कौलं आणि खोल्यांचं छत यांच्यामध्ये जी तिरकी पोकळी असते तोच आमचा माळा. पॅसेजमध्ये शिडी लावून, चौकोनी झाकण सरकवून वर जायचं. दुपारी तीनला चीफ वर गेले ते घामाने निथळत खाली आले आणि मला हाक मारली. तो शनिवार होता, मी घरीच होते.

"फिफ्थ, आपण उगाच खालच्या हवेला दोष देतोय. वर पन्नासच्या पुढे आहे. सगळी उष्णता छतातून खाली येतेय. लॅगिंग केलं पाहिजे."

बोटीवर गरम पाइपांना आणि भिंतींना जे उष्णतारोधक गुंडाळतात त्याला लॅगिंग म्हणतात. निदान बरोबर होतं. मी तसं म्हटलंही, आणि चीफ पहिल्यांदा माझ्याकडे जरा आदराने बघत आहेत असं मला वाटलं. त्या आदराने पुढे माझा घात केला.

आठवड्याभरात एक लॉरी आली. चीफच्या ओळखीच्या कुणा जहाजदुरुस्तीवाल्याकडे इंजिनरूमच्या भिंतींसाठी आणलेल्या रॉकवूलच्या गाद्या उरल्या होत्या. दगड वितळवून केलेली ही लोकर. गाद्या घट्ट, करड्या, आगीलाही दाद न देणाऱ्या. चीफनी एकेकीवर थाप मारली. "असला माल घरांना मिळत नाही, फिफ्थ. जे जहाजाला चालतं ते घराला का नाही चालणार?" आणि ते रोज थोड्या थोड्या गाद्या वर चढवू लागले. मावशींच्या खोलीवर एक थर झाला. उष्णता थोडी उतरली. मग दुसरा थर. शिवाय जागा होतीच म्हणून त्यांनी तळघर नसलेल्या घराचं तळघर वर केलं: पितळी व्हॉल्व्हची पेटी, जुने पंप, बांधून ठेवलेली मॅन्युअलं.

चूक कुठे होती ते सांगते. चीफ त्या छताला "डेकहेड" म्हणत. बोटीवर केबिनच्या डोक्यावर जे असतं ते डेकहेड, आणि त्याच्या वर असतो पुढचा डेक. पोलादाचा. त्यावर माणसं चालतात, यंत्रं ठेवतात, कंटेनर लागतात. चाळीस वर्षं डोक्यावर पोलाद असलेल्या माणसाला डोक्यावर पुठ्ठ्यासारखी वस्तू असू शकते हे मनातूनच पटत नाही. आणि मावशींच्या डोक्यावर होता जिप्समचा जेमतेम बोटभर जाडीचा बोर्ड, लांब लांब अंतरावरच्या आडव्या लाकडांना खालून स्क्रूने आवळलेला. तो स्वतःचं वजन धरून होता हेच पुष्कळ.

मला हे माहीत होतं. माझं ते कामच होतं. सोमवारी मी मावशींना औषध द्यायला त्यांच्या खोलीत गेले तेव्हा सहज वर बघितलं. रंगात छोटे छोटे गोल फुगवटे आले होते, ओळीने. स्क्रूंची डोकी. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे केसाएवढी फट दिसत होती. मी औषध दिलं, पाणी दिलं आणि खोलीतून बाहेर आले.

मंगळवारी बोलले नाही. बुधवारी बोलणार होते, तर चीफ शिडीवरून उतरले, माझ्यासमोर बसले आणि टॉवेलने मान पुसत म्हणाले, "फिफ्थ, मी दर वेळी बोटीवरून घरी यायचो तेव्हा ही घरात असायची. ती नाही अशा घरात मी कधी आलोच नाही. मला तसलं घर चालवता येणार नाही." एवढं बोलून ते पुन्हा वर गेले आणि थोड्या वेळाने वरून शीळ ऐकू आली. अशा माणसाला तुमचं सगळं काम उतरवा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? गुरुवारीही मी गप्प बसले. ऑफिसात मात्र त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी नकाशावर लाल शाईने लिहिलं, "अतिरिक्त भार. तपासा." त्या चार दिवसांची मला अजून लाज वाटते.

आता मी पुंगोलला राहते, नवरा आणि मुलगा यांच्याबरोबर, काँक्रीटच्या स्लॅबखाली, ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे. तरी कुठल्याही खोलीत शिरले की मान आधी वर जाते. मुलगा हसतो आणि इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणतो, "ममा, सीलिंग नॉट गोइंग एनीवेअर, लाह!" त्याला काय सांगणार?

शुक्रवारी माझ्या वतीने शेजारचे चिनी अंकल बोलले. ते पूर्वी घरांच्या दुरुस्तीची कामं घेत. कुंपणाच्या पलीकडून त्यांनी चीफना गादी खांद्यावर घेऊन जाताना पाहिलं आणि विचारलं, "चीफ, यू पुट ऑल दॅट अपस्टेअर्स आह? आयो! सीलिंग इज नॉट फ्लोअर, लाह!"

"धिस इज मरीन ग्रेड," चीफ म्हणाले.

"मरीन ग्रेड ऑल्सो हेवी, व्हॉट."

मी तेवढ्यात ऑफिसातून येत होते. चीफ माझ्याकडे वळले. "फिफ्थ, सांग यांना." आणि मी पडवीत उभं राहून, पर्स खांद्यावर, सगळं सांगितलं. बोर्ड किती पातळ, लाकडांमधलं अंतर किती, स्क्रू वर आलेत, फट पडलीय.

चीफचं तोंड लाल झालं. "कधी दिसलं?"

"सोमवारी."

"आणि आज बोलतेस? इंजिनरूममध्ये आवाज ऐकून गप्प बसणारा इंजिनियर मला चालत नाही. फिफ्थ नाहीस तू. आजपासून कॅडेट."

मी खाली मान घातली. ते मात्र लगेच दुसऱ्या मुद्द्यावर आले. कागदावरचं गणित मान्य नाही. ट्रायल घ्यायची. मी म्हटलं, ट्रायल घ्या, पण तोवर मावशींना माझ्या खोलीत झोपू द्या. चीफ याला कबूल झाले. मावशींनीच नकार दिला. "मला माझ्या गादीशिवाय झोप लागत नाही," त्या म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

शनिवारी सकाळी पडवीत आमचं छत उभं राहिलं. चार प्लास्टिकची स्टुलं, त्यावर माळ्यावर आहेत तेवढ्याच अंतरावर लाकडी पट्ट्या, खालून जिप्सम बोर्ड. बोर्डाचा तुकडा अंकलनी आपल्या शेडमधून काढून दिला. चीफनी मावशींचा वजनकाटा आणला. एक चौरस मीटरभर जागेवर बसणाऱ्या दोन थरांच्या गाद्या त्यावर ठेवल्या. चोवीस किलो. त्यांनी पुन्हा ठेवल्या. पुन्हा चोवीस. मग बोर्डाच्या खालून, अगदी चिकटून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी शिवणाचा दोरा ताणून बांधला. छत खाली आलं तर दोऱ्याला पोट येणार, म्हणजे वाद घालायला जागा नको. हे त्यांच्याच विरुद्ध होतं, पण दोरा त्यांनी अगदी काटेकोर बांधला.

गाद्या चढल्या. दोरा सरळ. चीफ खुर्ची टाकून समोर बसले. मावशी आतून आल्या आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. पडवीत वारा होता. तासातासाने चीफ बघत आणि "ऑल वेल" म्हणत. अकराला दोऱ्याला जरासं पोट दिसलं, पण ते म्हणाले, "एवढं चालतं." अंकल कॉफीची पिशवी घेऊन आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "रेन ऑल्सो मस्ट काउंट. योर रूफ लीकिंग ऑलरेडी, व्हॉट." हे खरं होतं. दोन-तीन कौलं तडकलेली होती, आणि पाऊस तर रोजचाच. चीफनी झारी भरून आणली, माझ्या छत्रीच्या ट्रायलची तीच झारी, आणि गाद्यांवर दोन ठिकाणी हळूहळू पाणी सोडलं. गाद्या पाणी प्याल्या. एक थेंब खाली पडला नाही. सगळं वजन वरच राहिलं.

दुपारी चारच्या सुमाराला बोर्डातून "कट्" असा आवाज आला. फार मोठा नव्हता. एका स्क्रूचं डोकं बोर्डातून आरपार निघालं होतं. मग दुसरं. मग बोर्डाचा मधला भाग दोऱ्यासकट सावकाश खाली आला आणि ओली करडी लोकर पडवीच्या फरशीवर पसरली.

चीफ उठले. तुटलेला दोरा सोडवून त्यांनी शिवणाच्या दोऱ्याचं रीळ उचललं, मला खूण केली आणि आत गेले. मावशी तोवर आपल्या खोलीत जाऊन पडल्या होत्या. चीफ एका भिंतीपाशी स्टुलावर चढले, मी समोरच्या भिंतीपाशी दुसऱ्या स्टुलावर. दोरा ताणला. तो दोन्ही टोकांना छताला लागला आणि मधे छताच्या पोटाने खाली दाबला गेला. त्या पोटाच्या नेमक्या खाली मावशी पलंगावर पडून आमच्याकडे बघत होत्या.

चीफ स्टुलावरून उतरले. मी त्यांना इतकं सावकाश उतरताना कधी पाहिलं नव्हतं. "ऊठ," ते मावशींना म्हणाले. "बाहेर चल. मी चुकलो. हे पेलणार नाही."

मावशी उठल्या. पायात सपाता घातल्या. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "चार दिवस आवाज येतोय. असाच, कट्."

"चार दिवस? आणि तू याच्याखाली झोपतेस? बोलली का नाहीस? अंगावर आलं असतं म्हणजे?"

मावशी दारापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या. "तुम्ही वर शीळ घालत होता," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला शीळ घालताना कधी ऐकलंच नव्हतं. बोटीवर घालत असाल. मला वाटलं, आणखी थोडे दिवस ऐकावी."

चीफ पॅसेजमधल्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मी स्टुलावरच उभी होते, हातात दोऱ्याचं टोक. उतरावं की नाही ते मला कळेना. मावशींनीच मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पुरे आता. ती पोर वर अडकलीय."

वेसाकची, म्हणजे बुद्धपौर्णिमेची, सुट्टी दोन दिवसांवर होती. तोवर मावशी माझ्या खोलीत झोपल्या आणि मी हॉलमध्ये. त्यांच्या गादीशिवाय त्यांना उत्तम झोप लागली, घोरण्यासकट. सुट्टीच्या दिवशी मी पहाटेच उठून मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, मावशींनी आखडलेल्या बोटांनी खीर ढवळली आणि नऊ वाजता आम्ही माळा रिकामा करायला घेतला. चीफनी आधी नियम सांगितले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क, हातमोजे. आडव्या लाकडांवर दोन लांब फळ्या टाकायच्या आणि फक्त त्यांवरच गुडघे टेकायचे, बोर्डावर बोटसुद्धा नाही. आधी व्हॉल्व्ह आणि पंप उतरवायचे, मग गाद्या, मधल्या आधी, कडेच्या नंतर. खोलीत कुणी थांबायचं नाही. त्यांनी गाद्या द्यायच्या, शिडीवर मी, खाली अंकल. पितळी व्हॉल्व्हची पेटी खाली आली तेव्हा अंकल तिच्याकडे बघून म्हणाले, "चीफ, धिस वन यू वॉन्ट टू कीप कूल फॉर व्हॉट?" चीफ चक्क हसले.

दुपारपर्यंत माळा मोकळा झाला. पुढच्या आठवड्यात अंकलच्या ओळखीच्या माणसाने बोर्डाला मधे मधे जास्तीचं लाकूड दिलं, पुन्हा स्क्रू मारले आणि तडकलेली कौलं बदलली. कौलांखालची ओल वाळेपर्यंत चीफ रोज वर जाऊन हात फिरवत. मग ग्लासवूलचे, म्हणजे काचेच्या लोकरीचे, रोल आले, पिवळे, पिसासारखे हलके. मावशींच्या काट्यावर एक चौरस मीटरचा तुकडा जेमतेम अडीच किलो भरला. मावशींनी तो एका हाताने उचलून दाखवला. पडवीत नवा बोर्ड, नवा दोरा, झारीने पाणी. दोन दिवस, दोन रात्री. दोरा सरळ राहिला. तेव्हा कुठे पहिला रोल वर गेला.

यावेळी चीफ घाई करत नव्हते. दिव्यांभोवती हातभर जागा मोकळी ठेवायची, नाहीतर दिवे तापतात. कौलांच्या कडेला वारा खेळायला फट ठेवायची. लोकर दाबायची नाही, दाबली की तिची उष्णता अडवायची ताकद जाते. एकेक पट्टा अंथरायला त्यांना तास लागे, आणि ते दिवसाला दोनच अंथरत. मला पुन्हा फिफ्थ केलं होतं. मी खाली शिडी धरून उभी असे.

मे संपत आला होता. अर्ध्या खोलीवर लोकर झाली होती, अर्धी उघडीच होती, आणि तिकिटाला नऊ दिवस उरले होते. चीफ रोज कॅलेंडरकडे बघत आणि बघितलं नाही असं दाखवत. मला त्यांची फार काळजी वाटायची. त्या दुपारी ते वर होते, मी शिडीपाशी. मावशी आपला फोन घेऊन माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे तिकीट रद्द कसं करतात गं?"

मी विचारलं, "खोली बरी वाटायला लागली का?"

"कसली बरी? अजून भाजतेच आहे. पण लग्नाच्या इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा 'मी चुकलो' म्हणाला. त्याला असं सोडून पुण्याला जाऊन काय करू? तिथे बहिणीशी भांडत बसू?" त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "दाब काय दाबायचं ते."

"चीफना सांगू? आत्ता? किती आनंद होईल त्यांना."

"खबरदार," मावशी म्हणाल्या. "आधी खोली पूर्ण होऊ दे. राहायचंच आहे तर उकाड्यात का म्हणून राहू?"

मी तिकीट रद्द केलं. मला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं. वरची शीळ थांबली. झाकणाच्या चौकोनातून मास्क लावलेलं तोंड खाली डोकावलं. "फिफ्थ, काय चाललंय खाली?"

"काही नाही," मावशींनी वर बघून सांगितलं. "तुम्ही फळीवरच पाय ठेवा."